चौदावं कलम

पप्पा खोलीतून बाहेर आले आणि त्यांच्या कपाळावर मला ती आडवी रेघ दिसली. ही रेघ साधी नाही. पप्पांचं काम उपग्रहांवर लक्ष ठेवायचं. वर कुठेतरी एखादा उपग्रह उत्तर द्यायचा थांबला की ती उमटते, आणि ती असेपर्यंत आमच्या घरात कुणी मिक्सरसुद्धा लावत नाही.

"काय झालं?" आई ताडकन उठली. तिची मुलाखत आधीच उरकली होती, इतक्या पटकन की बाकावर ठेवलेला तिचा चहा अजून गरम होता.

"मी भांडलो," पप्पा म्हणाले.

"कुणाशी?"

"त्यांच्याशी. फ्राउ लिंडनरशी."

"अश्वजित! नागरिकत्वाच्या मुलाखतीत कुणी भांडतं?"

आई एरवी पप्पांना नावानेच हाक मारते. उमरखेडहून आजी-आजोबा आले की घरात 'अहो' सुरू होतं, आणि भडकली की ते गळून पडतं. त्या सकाळपर्यंत ते टिकलं होतं.

"कशावरून भांडलास?"

"चौदाव्या कलमावरून."

आणि मी हसले. त्या लांबलचक, स्वच्छ, सगळे हळू बोलतात अशा कॉरिडॉरमध्ये फिस्सकन हसले. आईने माझ्याकडे असं पाहिलं की हसू तिथेच गोठलं. पण काय करणार? काय झालं असेल ते मला एका क्षणात कळलं होतं, आणि ते जगात फक्त आमच्याच घरात होऊ शकतं.

आमच्या घरातून कुणी परीक्षेला निघालं की आजोबा उंबरठ्यावर एक आकडा विचारतात. भारताच्या घटनेतल्या कलमाचा. उत्तर द्यायचं, मगच पाऊल बाहेर. "सतरा?" "अस्पृश्यता नष्ट." "एकवीस?" "जगण्याचा हक्क." हे सुरू केलं माझ्या पणजोबांनी. ते शिकलेले नव्हते. सभांमधून ऐकून त्यांना एकच आकडा पाठ झाला होता. तरुण दादाराव, म्हणजे माझे आजोबा, मास्तरकीच्या मुलाखतीला निघाले तेव्हा पणजोबांना वाटलं, आपण मुलाला काहीतरी विचारून पाठवावं. त्यांनी दारात अडवून विचारलं, "चौदा काय सांगतं?" आजोबा म्हणाले, "कायद्यापुढे सगळे सारखे." "मग जा. अन् खुर्ची दिली तर खुर्चीवर बस, खाली बसू नको."

तेव्हापासून चौदा हा आमच्याकडे मोठ्या दिवसाचा आकडा. पप्पांच्या इंजिनीअरिंगला चौदा. जर्मनीच्या व्हिसाला चौदा. साध्या युनिट टेस्टला मला एकोणीस किंवा एकवीसवर भागवावं लागतं, तेही व्हिडिओ कॉलवर.

आता त्या सकाळचं सांगते. आजोबा डार्मश्टाटला आल्यापासून, आणि आम्ही तिघं जर्मन नागरिक होणार आहोत हे समोर बसून ऐकल्यापासून, रुसले होते. ओरडले नाहीत. आजोबांचं रुसणं म्हणजे ते फार सभ्य होतात. "थोडं मीठ मिळेल का, प्राचीताई?" असं सुनेला म्हणतात. पण गुरुवारी सकाळी पप्पा दारात बूट घालायला वाकले आणि आजोबांच्या तोंडून सवयीने निघूनच गेलं, "चौदा?"

पप्पा वाकलेल्या अवस्थेतच ओरडले, "समानता!"

सगळे हसलो. आजोबासुद्धा. आम्ही ट्रॅममध्ये बसलो तेव्हा पप्पा शाळकरी मुलासारखे पाय हलवत होते.

आणि मग ती खोली. मी तिथे नव्हते, पण पप्पांनी ही गोष्ट नंतर इतक्यांदा सांगितली आहे की टेबलावरची कॅक्टसची कुंडीसुद्धा मला दिसते. सगळं छान चाललं होतं. फ्राउ लिंडनर हसतमुख, केस पांढरे, चष्मा लाल. त्यांनी विचारलं, "ग्रुंडगेझेट्समधला, म्हणजे आमच्या राज्यघटनेतला, एखादा मूलभूत हक्क सांगा. तुम्हाला स्वतःला जवळचा वाटणारा."

पप्पांना वाटलं, अरे, हा तर आपलाच पेपर आला! "कलम चौदा," ते म्हणाले. "समानता." आणि सुटले. माणसाला रांगेत उभं राहता येणं म्हणजे काय, दाराच्या आत बोलावलं जाणं म्हणजे काय, ते जर्मनमध्ये बोलत राहिले. ते म्हणतात, त्या भाषेत मी इतकं सुंदर आयुष्यात बोललो नव्हतो.

फ्राउ लिंडनर शांतपणे म्हणाल्या, "तर, कलम चौदा म्हणजे मालमत्ता आणि वारसा. समानता तिसऱ्यात आहे."

"नाही नाही," पप्पा म्हणाले. "चौदा."

"तीन, हेर कांबळे."

"मॅडम, हे मला पाचव्या वर्षापासून पाठ आहे. झोपेतून उठवलंत तरी चौदाच सांगेन."

त्यांनी चष्मा काढला. "तुम्ही कुठल्या देशाच्या घटनेबद्दल बोलताय?"

तेव्हा पप्पांना कळलं. आणि इथेच त्यांचं मला कळत नाही आणि आवडतंही. त्यांना 'सॉरी' म्हणता आलं असतं. 'गोंधळ झाला' म्हणता आलं असतं. ते गप्प बसले, कारण, त्यांच्याच शब्दांत, "कुठलाच गोंधळ झाला नव्हता. मनातलंच आलं होतं."

नंतर माझी पाळी. मला सोळा पूर्ण झाल्यामुळे माझ्या अर्जावर माझी मीच सही केली होती, बोलणंही स्वतंत्र. आत जाताना मला भीती वाटायला हवी होती. पण मला फक्त प्रचंड उत्सुकता होती, की माझ्या पप्पांशी भांडलेली बाई दिसते तरी कशी.

मी तिसरं कलम नीट सांगितलं. पहिलंही सांगितलं. निवडणुका, न्यायालयं, सगळं. शेवटी त्यांनी विचारलं, काही प्रश्न आहे का? मी म्हटलं, "हो. माझ्या पप्पांचं काय होणार? कारण ते चुकले नाहीत, म्हणजे चुकले, पण आमच्या घरी दारात एक..."

त्यांनी हात वर केला. कडक नाही, पण ट्रॅफिक पोलिसासारखा. "हे मला त्यांनी स्वतः सांगायला हवं. पुढच्या आठवड्यात मी त्यांना पुन्हा बोलावते आहे. या देशाशी त्यांचं काय नातं आहे, ते मला त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे. त्याशिवाय मी हो म्हणू शकत नाही."

मी बाहेर येऊन हे सांगितलं. आई म्हणाली, "चला, सुटलो." पप्पा म्हणाले, "बघू." त्या 'बघू'वरूनच मला कळायला हवं होतं.

*

रविवारी यशपालकाका ड्रेस्डेनहून आला. घरात भांडण असलं की काकाला बोलावतात, कारण तो आल्यावर आजी पाटवड्या करते आणि पाटवडी-रश्श्यासमोर माणसं जरा मऊ पडतात. आजी ठेचा कुटायला बसली. रविवारी आवाज केलेला खालच्या मजल्यावरच्यांना चालत नाही, म्हणून आईने खलबत्त्याखाली दोन टॉवेल घातले होते. आजीला ते अजिबात पटलं नव्हतं.

"असा मुका ठेचा लागते का कुठं?" ती कुटता कुटता म्हणाली. "मिरचीले तरी समजाव का आपल्याले कुटून राहिले म्हणून."

पहिली भाकरी ताटात पडली आणि पप्पांनी जाहीर केलं, "मी परत जाणार नाही त्या बाईंकडे. तुम्ही दोघी व्हा जर्मन. मी आहे तसा बरा आहे."

आईने वाटी खाली ठेवली. "का?"

"अण्णा विचारणार नाही म्हणतात."

आजोबा भाकरीकडे बघत म्हणाले, "माझ्या विचारण्याने त्याचं नुकसान झालं. मी आता दारात कुणालाच काही विचारणार नाही. ती पद्धत बंद."

"आणि ते विचारणार नसतील तर मी निघणार नाही," पप्पा म्हणाले. "मी आजवर तसा कुठे गेलेलो नाही."

दोघे एका बाजूला बसले होते, सारखेच ताठ, सारखेच हट्टी, आणि मजा म्हणजे एकमेकांच्या विरुद्ध. नाही, विरुद्ध पण नाही. दोघांनी मिळून एक दार बंद केलं होतं आणि किल्ली एकमेकांच्या खिशात टाकली होती.

"मामाजी," आई म्हणाली. सासऱ्यांशी ती नेहमी हळू बोलते. आताही हळूच बोलली, पण तिचे कान लाल झाले होते. "तुम्हाला मनातून बरं वाटलं ना? खरं सांगा. त्यांच्या तोंडून आपलं चौदा निघालं, त्यांचं तीन नाही."

आजोबांना खोटं बोलायचं असतं तर ते तेव्हाच बोलले असते. ते म्हणाले, "वाटलं."

"बघा!"

"पण लाजही वाटली, प्राची. दोन्ही वाटलं. ज्या पुस्तकाने मला खुर्ची दिली, ते माझा मुलगा परत करायला निघालाय, असं मला रोज वाटतं. आणि त्याच मुलाची गाडी मी अडवली, असंही वाटतं. तू सांग, यातलं कुठलं खरं?"

"पुस्तक कुठं परत द्याचं हाय?" आजी म्हणाली. "पासपोर्ट द्याचा हाय ना?"

"पासपोर्ट. आणि मग गावाला यायला याला परदेशी माणसाचं कार्ड दाखवावं लागेल."

"आपल्याच घरी याले कार्ड?" आजीचा हात थांबला. आत्तापर्यंत ती आमच्या बाजूची होती. मला स्पष्ट दिसलं, ती तिकडे सरकली. "हे मले कोणी सांगतलं नाही."

"माय, ते कार्ड एकदा घेतलं की जन्मभर चालतं," काका म्हणाला.

"तुले कसं माहीत?"

काका रस्सा वाढून घेत होता. वाटी भरली होती तरी तो वाढतच राहिला. मी त्याच्या समोर बसले होते, आणि मी सांगते, माणसाचं तोंड बंद असतानाही त्याने आत काहीतरी ठरवलेलं दिसतं.

"माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "माझं झालंय अण्णा. मागच्या हिवाळ्यात."

वरच्या धूर-अलार्मचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकला.

"आम्हाला सांगितलं नाहीस," पप्पा म्हणाले. "मला पण नाही?"

"दादा, तू सांगितलंस आणि घरात काय झालं ते बघ की. मला वाटलं, एकदा होऊ दे, मग सांगू. मग सव्वीस जानेवारीला अण्णा टीव्हीपुढे उभे राहिलेले कॉलवर पाहिले. त्या दिवशी कसं सांगणार? मग एप्रिल आला. चौदा एप्रिलला तर कसं सांगणार?"

आजोबांनी विचारलं. रागाने नाही, चौकशी करावी तसं. "दारातून निघताना कुणी विचारलं?"

"कोण विचारणार? एकटा राहतो मी. जिना उतरलो, ट्रॅममध्ये बसलो." काकाने वाटीतला रस्सा परत भांड्यात ओतायला सुरुवात केली, जे आजीने एरवी कधीच चालवून घेतलं नसतं. "तिथे सभागृहात सगळ्यांचे लोक होते. कुणाची आई, कुणाची सासू, कुणाची चिल्लीपिल्ली. माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझं जॅकेट होतं. शपथेचं वाक्य मी चांगलं म्हटलं हं. पण घरी येताना मला सारखं वाटत होतं, काहीतरी विसरून आलो तिथे. जॅकेट तर अंगात होतं."

पप्पांचा हात नकळत काकाच्या पाठीवर गेला.

"तुमचं एक बरं आहे," आई अचानक म्हणाली, आणि आम्ही सगळे चमकलो, कारण तिचे डोळे भरले होते. "याला कुणी विचारलं नाही म्हणून वाईट वाटतंय. मला लग्न झाल्यापासून कुणीच विचारलेलं नाही. माझी पीएचडीची तोंडी परीक्षा याच घरातून झाली, मामाजी. तुम्ही तेव्हाही आला होतात. गुरुवारीसुद्धा मी दारात उभी होते, यांच्या मागे. तुम्ही यांना चौदा विचारलंत आणि मला म्हणालात, 'छत्री घेतलीस का?' समानतेचं कलम सुनेला लागू नाही का?"

बाप रे. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटत होत्या. मी भाकरीचा तुकडा तोंडात कोंबला.

आजोबांनी ताट बाजूला सारलं. मग आजीच बोलली. "अहो गुरुजी, हे बराबर बोलून राहिली." आणि ती परत आमच्या बाजूला आली.

*

आजोबांच्या डोक्यात त्या दुपारी काय चाललं होतं ते मला नक्की माहीत आहे, कारण ते माझ्या खोलीच्या दारावर आले. उघड्या दारावरही ते टकटक करतात.

"दीपू, ती बाई म्हणाली, यांचं चौदावं म्हणजे मालमत्ता. बरोबर?"

"बरोबर."

"मालमत्तेबद्दल काय म्हणतं ते?"

बघा, हा माणूस रुसलेला होता. बारीकसं तोंड करून बसायचा त्याला पूर्ण हक्क होता. पण त्याला चैन पडेना, कारण एका घटनेत चौदाव्या जागी काय लिहिलंय हे त्याला माहीत नव्हतं! मी शाळेत फुकट मिळालेली ग्रुंडगेझेट्सची छोटी प्रत काढली. ते पलंगावर बसले, मी खाली गालिच्यावर.

"मालमत्ता आणि वारसाहक्क यांची हमी," मी अडखळत मराठी करू लागले. माझं मराठी आजीच्या मते बरं आहे, पण घटनेएवढं बरं नाही. "मग दुसरा भाग. मालमत्ता... अं... जबाबदारी टाकते. तिचा वापर असा हवा की सगळ्या लोकांचंही भलं होईल."

"परत वाच."

वाचलं.

"असं लिहिलंय? ज्याच्याकडे आहे त्याच्यावर जबाबदारी, असं?"

"गेनाऊ."

"मराठीत बोल."

"हो, अगदी असंच."

आजोबा मांडीवर थाप मारून हसले. माझे पणजोबा दुसऱ्यांच्या शेतात आयुष्यभर राबले होते. "अरे, हे वाक्य आमच्या पाटलाला ऐकवायला हवं होतं! चल, पुढे. यांचं सतरा?"

"कुणीही सरकारकडे लेखी तक्रार किंवा विनंती करू शकतो."

"गयाबाई!" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक दिली. "इथे तक्रार करायचा मूलभूत हक्क आहे!"

"मग तुमची सोय झाली!" आतून आजीचा आवाज आला. "बसा दिवसभर अर्ज लिहत!"

आम्ही अर्धं पुस्तक पालथं घातलं. त्यांना सगळं हवं होतं. कधी लिहिलं? एकोणपन्नास सालच्या मे महिन्यात. "म्हणजे आपली नोव्हेंबरात स्वीकारली, त्याच वर्षी! यांची काही महिन्यांनी थोरली आहे." काय घडलं होतं त्यांच्याकडे, म्हणून अशी लिहावी लागली? ते मी शाळेत शिकले आहे तेवढं सांगितलं. ज्यू शेजाऱ्यांना शेजाऱ्यांनीच कसं वेगळं काढलं, बाकांवर काय लिहून ठेवलं, पुढे काय केलं. आजोबा हसायचे थांबले. आमच्या गावच्या विहिरीची गोष्ट मी त्यांच्याकडून ऐकलेली, ही गोष्ट ते माझ्याकडून ऐकत होते.

"म्हणून यांनी पहिलंच कलम कशावर लिहिलं?"

"माणसाच्या प्रतिष्ठेवर. तिला कुणी हात लावू शकत नाही, असं आहे. अगदी शब्दाला शब्द, हात लावता येत नाही."

आजोबांनी ते दोनदा स्वतःशी म्हटलं. "प्रतिष्ठेला हात लावायचा नाही," मग म्हणाले. "बरोबर जागी लिहिलं." आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन, एक अक्षर येत नसताना, ते पानं उलटत बसले.

*

दुसऱ्या मुलाखतीच्या सकाळी पप्पांनी सूट घातला, याचा अर्थ त्यांना जायचं होतं. बुटाच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, परत बांधल्या, याचा अर्थ ते जाणार नव्हते. आई दार उघडून उभी. थंड हवा आत येत होती. आजी पप्पांच्या हातात पाण्याची बाटली देऊन, परत घेऊन, परत देत होती.

आजोबा आतल्या खोलीत होते. शब्द म्हणजे शब्द. पद्धत बंद.

"ट्रॅम जाईल," आई म्हणाली.

"जाऊ दे," पप्पा म्हणाले.

मी आत जाणारच होते ओढून आणायला. तेवढ्यात चपलांचा आवाज आला. आजोबा बाहेर आले, हातात माझं ते छोटं पुस्तक. उंबरठ्यावर आपल्या जागेवर येऊन उभे राहिले.

"चौदा?" त्यांनी विचारलं.

पप्पांनी वर पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला. उत्तराऐवजी प्रश्न आला. "कुठलं, अण्णा? आपलं की यांचं?"

"दोन्ही सांग. आपलं आधी."

"कायद्यापुढे सगळे सारखे."

"आणि यांचं?"

"मालमत्ता." पप्पा सरळ उभे राहिले. "आणि तिच्यावरची जबाबदारी."

"जा. चुकलास तर चुकलास. पण त्या बाईला आपल्या बापजाद्यांची गोष्ट सांगून ये, तिने विचारलंय. आणि खुर्चीवर बस."

पप्पा पळालेच. जिन्यावरून, सुटाबुटात.

परत आले तेव्हा कपाळावर रेघ नव्हती. फ्राउ लिंडनरनी सगळं ऐकून घेतलं होतं, पणजोबा, दार, आकडा, सगळं. मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एकच विचारलं म्हणे, "मग तुमच्या वडिलांना ती नोकरी मिळाली का?"

"आणि?" आई म्हणाली. "आपलं काय?"

"कळवू म्हणाल्या."

*

कळवू म्हणजे कधी, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून आजीने टपालाची जबाबदारी घेतली. पिवळ्या सायकलवरून येणाऱ्या टपालवाल्या बाईशी तिने मैत्री केली. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं एक अक्षर येत नव्हतं. आजी खिडकीतून मान हलवून विचारायची, ती खालून मान हलवून नाही म्हणायची. एके दिवशी त्या बाईने खालूनच पाकीट हलवलं आणि आजी स्वेटर न घालता खाली धावली.

तिघांचंही हो होतं. समारंभ आजी-आजोबांच्या परतीच्या विमानाच्या आधीच्या आठवड्यात. मी शपथेचं वाक्य बाथरूममध्ये इतक्यांदा म्हटलं, की आजीला ते पाठ झालं, वऱ्हाडी चालीत. काकाला फोन केला तर तो म्हणाला, "माझं काय काम? बरं, येतो. टाळ्या वाजवायला."

त्या दिवशी सभागृहाच्या दारात गर्दी होती. रेशमी ओढण्या, फुलं, एका छोट्याशा मुलीच्या केसांत काळी-लाल-सोनेरी रिबन. आम्ही आत शिरणार, एवढ्यात आजोबा उंबरठ्यावर थांबले. त्यामुळे मागची सगळी रांग थांबली. दारातल्या बाईंनी हसून आत जायची खूण केली. आजोबांनी त्यांना हात दाखवला, एक मिनिट.

"प्राची."

आईने घाईघाईने पर्स उघडली. तिला वाटलं, त्यांना पाणी हवंय.

"सोळा?"

आई बघतच राहिली. मग तिने पर्स बंद केली. "संधीची समानता," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मधेच चिरकला. "नोकरीत. सरकारी."

"वाचलेलं दिसतंय."

"कुणी विचारेल म्हणून वाचून ठेवलं होतं. पूर्वीच."

"उशीर झाला मला," आजोबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "एक?"

"कुठलं?"

"तुझं तू ठरव."

मी ठरवलं. प्रतिष्ठेला हात लावायचा नाही, तेच म्हटलं, मराठीत, मोठ्याने. मागच्या रांगेतल्या कुणीतरी काही न कळता टाळी वाजवली. पप्पांकडे बघून आजोबांनी फक्त मान हलवली. पप्पांचं झालेलं होतं. आम्ही तिघं आत निघालो.

काका आमच्या मागे होता. उकडत होतं म्हणून त्याने जॅकेट काढून हातावर घेतलं होतं. तो बाजूने सरकून आत जायला लागला, प्रेक्षकांच्या खुर्च्यांकडे.

"यशपाल."

"अण्णा, माझं झालंय."

"माझं राहिलंय," आजोबा म्हणाले. "चौदा?"

माझा काका चिप बनवतो. धुळीचा एक कण गेला तर सगळं वाया जाईल अशा खोलीत पांढरा पोशाख घालून उभा राहतो. त्याने जॅकेट या हातावरून त्या हातावर घेतलं. ओठ हलले, बस. मागची रांग थांबलेली. दारातल्या बाईंनी या वेळी कुणालाही आत जायची खूण केली नाही.

"सांग ना रे," आजी हळूच म्हणाली.

काकाने सांगितलं. मला ऐकू आलं नाही, मी आतून बघत होते. पण आजोबांना आलं असावं, कारण ते बाजूला झाले.

आमची नावं पुढे पुकारली जात होती. पप्पांचं आडनाव त्यांनी बरोबर घेतलं, माझं नाव तीन तुकड्यांत घेतलं. मी उभी राहताना एकदा मागे वळून पाहिलं. काका तिसऱ्या रांगेत बसला होता. शेजारच्या खुर्चीवर त्याचं जॅकेट होतं. तिथे आजी बसायला आली, पदर सावरत, पर्स पायाशी ठेवत.

काकाने जॅकेट उचलून मांडीवर घेतलं.